महाडची जागा आणि दौलताबादचं पाणी

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या तारखा जवळ आल्या की आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. महाडच्या परिषदेसाठी बाबासाहेबांना कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली. खाली ‘इतिहास विसरू नका’ अशी सूचना. मजकूर खरा आहे. साधारण त्याच दिवसांत दुसऱ्या ग्रुपांवर दुसरा मजकूर येतो. दौलताबादच्या किल्ल्यावर मुसलमानांनी बाबासाहेबांना पाण्याला हात लावू दिला नाही, आणि म्हणे दलित-मुस्लिम ऐक्य! त्यातला टोमणा सोडला तर हा मजकूरही खरा आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडच्या ग्रुपांत आहे. पहिला मजकूर पाठवणारे दुसऱ्याचं नाव काढत नाहीत. दुसरा पाठवणाऱ्यांना पहिला बहुधा ठाऊकच नसतो, आणि ठाऊक असला तरी सोयीचा नसतो. या दोन घटनांमध्ये फक्त सात वर्षांचं अंतर आहे, दोन्हींत पाणी आहे, दोन्हींत तेच डॉ. आंबेडकर आहेत आणि दोन्हींत आपण आहोत. त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी महाड. ते आपल्याच जिल्ह्यातलं. १९८१ पर्यंत जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. आमच्या खोपोलीहून पेणला उतरून गोवा हायवे धरला की महाड येतं, आणि शाळेच्या सहली रायगडाला जाताना महाडात चहाला थांबतात. चवदार तळं मात्र सहलीच्या यादीत क्वचित असतं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांकडे असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला धरून चवदार तळं खुलं केलं. पण ते कागदावर. पुढची तीन वर्षं एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचं पाणी घेतलं नाही, कारण घेतलं तर काय होईल हे प्रत्येकाला माहीत होतं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी त्यासाठी खूप धावपळ केली होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ब्राह्मण, हे तिघे सोबत होते. दुसऱ्या दिवशी परिषदेतले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्यानंतर थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला, जेवत असलेल्या, परत निघालेल्या लोकांना मारहाण झाली. जीव वाचवायला कित्येक जण मुसलमानांच्या घरांत शिरले आणि त्या घरांनी त्यांना आसरा दिला. ही गोष्ट बाबासाहेबांच्या चरित्रांत आलेली आहे, ती आपण नंतर रचलेली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दही, दूध घालून १०८ घागरींनी त्याची शुद्धी केली गेली. मारहाण करणाऱ्यांपैकी पाच जणांना जूनमध्ये चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. जिल्ह्यातले वरचे अधिकारी हिंदू नव्हते म्हणून हा न्याय तरी मिळाला, असा बाबासाहेबांचा अभिप्राय होता. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला आधीचा ठरावच मागे घेतला.

डिसेंबरात दुसऱ्यांदा सत्याग्रहाची हाक दिली गेली तेव्हा महाडने दारं लावून घेतली होती. दुकानदार माल विकायला तयार नव्हते, धान्य बाहेरून आणावं लागलं. मोटारवाल्यांवर दबाव होता, म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला आले आणि तिथून महाडपर्यंत चालत गेले. परिषदेच्या मांडवासाठी कुणीही जागा देईना. ती दिली फत्तेखानांनी. त्या मांडवात २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. त्या मांडवात बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. कोर्टाचा मनाई हुकूम आल्यामुळे तळ्यावर जाणं मात्र त्यांनी लांबणीवर टाकलं. तो खटला पुढे दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना पाणी न देण्याची ‘अनादी काळापासूनची वहिवाट’ वादी सिद्ध करू शकलेले नाहीत.

बाबासाहेबांच्या डिसेंबरच्या भाषणातला एक मुद्दा आपल्या मजकुरात कधी येत नाही. महाडचे स्पृश्य लोक गुराढोरांना तळ्यावर पाणी पिऊ देतात, मुसलमानांनाही अडवत नाहीत, असं त्यांनी दाखवून दिलं होतं. म्हणजे बंदी पाणी घाण होईल म्हणून नव्हती, कोण खालचा हे ठरवण्यासाठी होती. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की महाडच्या मुसलमानांना चवदार तळं आधीच खुलं होतं. त्या उतरंडीत मुसलमानाची पायरी ठरलेली होती. फार वरची नसेल, पण पाण्यापर्यंत पोचणारी होती. ज्या गावात दुकानदार वाटाणा-फुटाणाही विकत नव्हते त्या गावात राहून, स्वतःचं काही अडलेलं नसताना, फत्तेखानांनी जागा दिली. त्यांचं मोठेपण यातच आहे.

पण आपण काय करतो? एका माणसाची जागा सगळ्या कौमच्या सातबाऱ्यावर चढवतो. ‘मुसलमानांनी जागा दिली’ हे वाक्य किती सहज तोंडात येतं पाहा. जागा फत्तेखानांनी दिली. आसरा त्या ठरावीक घरांनी दिला. बाकीच्यांच्या वाट्याला त्याचं पुण्य फुकट येत नाही.

आता दौलताबाद. पण त्याआधी त्याच पुस्तिकेतला एक लहानसा प्रसंग सांगायलाच हवा, कारण उर्दू शिकवणाऱ्या माणसाला तो चुकवता येत नाही. बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे काही प्रसंग इंग्रजीत लिहून ठेवले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये छापले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ते शिकवले जातात. आपल्याकडे मात्र ते वाचलेला मुसलमान शोधावा लागतो.

१९०१ सालची गोष्ट. वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला खजिनदाराच्या कामावर होते. लहानगा भीमराव आपल्या भावंडांबरोबर त्यांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरले, न्यायला कुणी आलं नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि गाडीवाले भाडं घेईनात. शेवटी दुप्पट पैशांवर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा भरलेला होता, पण पाणी नव्हतं. रात्री जकातनाक्यापाशी पोचल्यावर गाडीवाल्याने सल्ला दिला : नाकेदाराला सांगा आम्ही मुसलमान आहोत, मग पाणी मिळेल. भीमरावला उर्दू चांगली येत होती. त्याने अस्सल उर्दूत पाणी मागितलं. नाकेदाराने तुटकपणे सांगितलं की इथे तुमच्यासाठी कुणी पाणी ठेवलेलं नाही, हवं तर टेकडीवर आहे, जाऊन घ्या. मुलं तहानलेलीच झोपली.

आपल्याला ही भाषा शिकताना किती जणांनी हिणवलं असेल. इथे एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा तिच्या आडोशाने एका पायरीने वर चढू पाहतो आहे, घोटभर पाण्यासाठी. त्या गाडीवाल्याच्या डोक्यात उतरंडीचा नकाशा अगदी पक्का होता. महाराला पाणी नाही, मुसलमानाला असू शकेल. नाकेदाराच्या डोक्यातला नकाशा थोडा वेगळा होता, एवढंच.

आणि मग १९३४. चळवळीतले सहकारी आणि बाबासाहेब असे तीसेक जण वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. किल्ल्याच्या दाराबाहेर एक छोटं तळं होतं, काठोकाठ भरलेलं, भोवती दगडी फरशी. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. काही जणांनी फरशीवर बसून हातपाय-तोंड धुतलं आणि मंडळी दरवाजाशी आली. आत जायची परवानगी कशी काढायची हे पहारेकऱ्याला विचारत होते, तोच मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी तळं बाटवलं. जातीचा जो शब्द त्याने वापरला तो मी इथे लिहीत नाही. आजूबाजूचे तरुण-म्हातारे सगळे जमले आणि शिव्या सुरू झाल्या. हे माजलेत, आपली पायरी विसरलेत, यांना धडा शिकवला पाहिजे. पाहुण्यांनी सांगितलं की आम्ही बाहेरगावचे, इथली रीत माहीत नव्हती. तेव्हा राग स्थानिक दलितांकडे वळला : तुम्ही यांना सांगितलं का नाहीस? ते बिचारे तर आत्ताच येऊन पोचले होते. बाबासाहेब लिहितात की दंगल, कदाचित खूनही, सहज झाले असते. त्यांनी मोठ्या कष्टाने स्वतःला आवरलं.

गर्दीतला एक तरुण सारखं म्हणत होता की प्रत्येकाने आपापला धर्म पाळावा. शेवटी बाबासाहेबांनी चिडून त्याला विचारलं : तुमचा धर्म हेच शिकवतो का? आणि हा माणूस उद्या मुसलमान झाला तर त्याला या तळ्याचं पाणी घेऊ देणार नाही का?

कुणीच काही बोललं नाही. सगळे गप्प उभे राहिले.

मग पहारेकरी नाव लिहून घेऊन आत वरिष्ठांकडे गेला आणि हुकूम घेऊन आला. किल्ला पाहता येईल, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि लावत नाहीत ना हे बघायला एक बंदूकधारी शिपाई बरोबर दिला गेला. बाबासाहेबांनी या प्रसंगाचा जो निष्कर्ष काढला तो सरळ आहे : जो हिंदूंना अस्पृश्य तो मुसलमानांनाही अस्पृश्य. याच्या आधी त्यांनी बडोद्यातल्या पारशी खानावळीतून आपल्याला कसं हाकललं गेलं ते सांगितलेलं आहे, तिथेही निष्कर्ष हाच, फक्त समाज वेगळा.

या प्रसंगाची चर्चा निघाली की आपल्याकडून तीन उत्तरं येतात. पहिलं, ते अडाणी लोक होते. दुसरं, त्यांनी हे हिंदूंकडून उचललं. तिसरं, एका तळ्यावरच्या गर्दीवरून कौमला दोष देऊ नका. तिसऱ्या उत्तरात दम आहे, महाडच्या बाबतीत मी तेच म्हटलं. पण मग माप एकच हवं. शिवाय दौलताबादला फक्त गर्दी नव्हती. आतून आलेला हुकूम सरकारी होता, सोबतचा शिपाई सरकारी होता. महाडात एका खाजगी माणसाने आपली जागा दिली. दौलताबादेत मुसलमान राजाच्या अंमलदाराने अस्पृश्यता पाळण्यासाठी बंदूक दिली. दोन्ही पारडी सारखी आहेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरं उत्तर अर्धंच खरं आहे. त्या लोकांचं म्हणणं दीनमधून आलेलं नव्हतं हे दाखवणं सोपं आहे. हनफी फिकहमध्ये ‘दह-दर-दह’, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौज मोठा पाणीसाठा धरला जातो. रंग, वास, चव बदलेपर्यंत तो नापाक होत नाही. आमच्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, त्यांच्याकडे दोन ‘कुल्ले’ पाण्याचं माप आहे आणि नियम जवळपास तोच. माणसाचं उष्टं पाणी पाक आहे, तो माणूस मुसलमान असो किंवा नसो, हे तर मकतबमधल्या पोराला शिकवतात. रमजानच्या दिवसांत तिथे जमलेले लोक रोजेदार असणार, दिवसातून पाच वेळा वजू करणारे असणार. त्यांना हे मसले माहीतच नव्हते असं धरून चालणं अवघड आहे. तरी ‘बाटलं’ हा शब्द आला. तो मसल्यातून आलेला नाही, गावातून आला. गावात कोण खालचा हे गाव ठरवतं, आणि ज्याला वरची पायरी मिळाली आहे तो ती सोडत नाही, मग घरात कुराण असो की पोथी. म्हणून ‘हिंदूंकडून उचललं’ म्हणून सुटता येत नाही. उचलताना हात आपलेच होते.

त्या प्रदेशाचा इतिहास पाहिला तर हे आणखी टोचतं. दौलताबाद ही मलिक अंबरची राजधानी. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खिडकी हे शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. त्या शहराला पाणी मिळावं म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली, ती आजही नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते. त्याची कबर खुलताबादला, वेरूळच्या वाटेवरच आहे. मोगल बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत याच अंबरला त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या घालतो, आणि अंबरच्या कापलेल्या डोक्यावर बाण सोडतानाचं स्वतःचं चित्र त्याने अबुल हसनकडून काढून घेतलं. अंबर तेव्हा जिवंत होता आणि मोगलांना हरवत होता. ते चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. बादशहाही मुसलमान, अंबरही मुसलमान. आपल्या जिल्ह्यात जंजिऱ्याच्या सिद्दींवर बढाईने बोलणाऱ्यांना मी हे चित्र नेहमी दाखवतो. हज्जतुल विदाच्या खुतब्यात पैगंबर साहेबांनी गोऱ्याला काळ्यावर आणि अरबाला बिगर-अरबावर तकव्याशिवाय कसलंही श्रेष्ठत्व नाही असं जाहीर केल्याला तेव्हा जवळजवळ एक हजार वर्षं झाली होती.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९१६ पासून मांडलं होतं. पण अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. २००१ मध्ये दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित संघटना जातीचा प्रश्न मांडायला गेल्या, तेव्हा भारत सरकारने सांगितलं की जात हा वंशाचा प्रश्न नाही. शास्त्रार्थ म्हणून सरकारचं म्हणणं खोटं नसेलही. पण अलाबामातला ‘गोऱ्यांसाठी’ असा पाटी लावलेला नळ आणि दौलताबादचं तळं यांतला फरक तहानलेल्या माणसाला समजावून सांगायला कुणी तयार होईल का?

बाबासाहेबांनी त्या तरुणाला विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९३४ मध्ये तो केवळ वादातला टोला नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि मुसलमान पुढारीही त्यांना बोलावू लागले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. एका तळ्यामुळे ते मुसलमान झाले नाहीत असं म्हणणं उथळपणाचं होईल. त्यांची कारणं बरीच होती आणि त्यांनी ती लिहून ठेवली आहेत. पण ‘मुसलमान झाला तर?’ या प्रश्नावर दौलताबादची गर्दी गप्प राहिली, आणि त्या गप्पपणाचं उत्तर पुढेही आपण नीट दिलेलं नाही. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये (१९४०) त्यांनी जनगणनेच्या अहवालाच्या आधारे मुसलमानांतल्या अशराफ, अजलाफ आणि अरजल या थरांबद्दल लिहिलं. ते पान आपल्याला आवडत नाही.

आणि ते न आवडण्याची किंमत आपणच मोजतो आहोत. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींत फक्त हिंदू धरले गेले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मेहतर किंवा हलालखोर मुसलमान आजही बाहेर आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की ज्या अस्पृश्यतेमुळे या सवलती दिल्या ती इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मात नाही. वर्षानुवर्षं जलशांत टाळ्या घेणारं आपलंच वाक्य, ‘आमच्यात जातपात नाही’, सरकारी वकिलाच्या तोंडी आलं. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारही त्यांच्या सभांना गेले, आणि ७ डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने बागवान, पिंजारी, अत्तार अशा बिरादऱ्यांच्या मुलांना दाखले मिळू लागले. तेव्हाही त्यांना विरोध बाहेरून कमी आणि घरातून जास्त झाला होता : तुम्ही उम्मतमध्ये फूट पाडताय. आज त्याच विरोधकांची नातवंडं ते दाखले घेऊन अॅडमिशन घेतात. घेऊ देत, चांगलंच आहे.

आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ सर या विषयावर माझ्याशी कायम भांडतात. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, नेक माणूस. त्यांचं म्हणणं, काळ वाईट आहे. आपल्याला भाड्याने घर मिळत नाही, नाव ऐकलं की ब्रोकर फोन ठेवतो, आणि अशा वेळी तू घरची धुणी चव्हाट्यावर आणतोस. घराचं ते म्हणतात ते खोटं नाही. मलाही एका सोसायटीत बोलणी पक्की झाल्यावर आडनाव कळताच ‘मालकाचा विचार बदलला’ असं सांगण्यात आलं होतं. त्या दिवशी जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. पण सरांचा युक्तिवाद मला पटत नाही. आपल्याला घर नाकारणं अन्याय आहे हे आपण कोणत्या तोंडाने सांगणार, जर आपल्या हातातल्या पाण्याचा हिशेब आपण देणार नसू? आणि दौलताबाद झाकलं म्हणून ते झाकलं जात नाही. दुसऱ्या ग्रुपवाल्यांकडे ते आहेच, फक्त त्यांच्या टोमण्यासकट.

आपल्या हातातलं पाणी म्हणजे काय, हे कर्जत-खालापुरात फार शोधावं लागत नाही. आमच्या भागात कातकरी आहेत. सरकारी भाषेत विशेष असुरक्षित आदिवासी गट. पावसाळा संपला की वीटभट्टीवाल्याकडून उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात, कोळसाभट्टीवर जातात, पोरांची शाळा तिथेच सुटते. उरलेले गावात शेतावर, लग्नाकार्यात, गटार उपसायला. त्यांना बोलावणाऱ्यांत सगळे आहेत, आगरी, मराठे, मारवाडी आणि आपण. वलिम्याच्या मांडवात मी पाहिलं आहे : वीस लिटरचे थंड पाण्याचे जार ओळीने मांडलेले, कागदी ग्लासांचा ढीग, आणि देगा घासणाऱ्या कातकरी बाया पाइपाच्या टोकाला ओंजळ लावून पाणी पिताहेत. जारकडे जाऊ नका असं त्यांना कुणी म्हटलेलं नसतं. कुणी ‘बाटलं’ म्हणून ओरडत नाही. कित्येक घरांत अंगणातल्या कोनाड्यात त्यांचा अॅल्युमिनियमचा पेला वेगळा असतो, आणि विचारलं तर ‘त्यांनाच ते बरं वाटतं’ असं उत्तर मिळतं. त्याच घरात कोकणी मुलासाठी कोकणीच मुलगी हवी, घाटावरची नको, असा निरोप ग्रुपवर टाकलेला असतो. पण तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये मी सरांसमोर वलिम्याचा विषय काढला. ते म्हणाले, अरे, त्या बाया मागतच नाहीत, मागितलं तर आपण नाही म्हणू का? मी म्हटलं, महाडलाही नगरपालिकेचा ठराव होऊन तीन वर्षं कुणी मागितलं नव्हतं. सरांनी चष्मा काढून पुसला. थोड्या वेळाने म्हणाले की त्यांच्या पुतणीचं लग्न रजबमध्ये आहे, जेवणाचं कंत्राट त्यांच्याकडे आहे, मांडव कसा लावायचा ते बघू.